कार्ड मिळालं आणि झोप उडाली

मनाच्या तयारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या गोल्फर्सकडून एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा बोलायला लागला की पुढचं मला कळतं. "मॅडम, खालच्या टूरवर मी बरा होतो, इथं सगळेच माझ्यापेक्षा भारी आहेत." म्हणून आज एकाबद्दल लिहिते, ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

हा मुलगा कॉर्न फेरी टूरवरून, म्हणजे खालच्या टूरवरून, पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या टूरवर आलेला. अख्खा सीझन खेळून पॉइंट्सच्या यादीत पहिल्या २० मध्ये यायचं तेव्हा वर खेळायचं कार्ड, म्हणजे परवाना मिळतो, आधी ३० जणांना मिळायचं, २०२५ पासून २० झाले. वर टिकायचं तर तिथल्या यादीत पहिल्या १०० मध्ये राहायचं, आधी १२५ होते. त्यात नव्या मुलांचा स्पर्धांत प्रवेश मिळण्याचा क्रम मधे मधे रीशफल होतो, खेळ बघून नव्याने लावतात, म्हणजे सुरुवात वाईट झाली की पुढे खेळायलाच कमी मिळतं. त्यामुळे त्याची भीती खोटी नाहीये हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "घाबरू नकोस" असं मी कोणालाच सांगत नाही, त्याने काही होत नाही.

सलग पाच कट हुकलेले, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुढे खेळायला जो स्कोअर लागतो तो पाचही स्पर्धांत जमला नव्हता. तेवढ्यात ड्रायव्हर (लांब मारायची स्टिक) बदलून झाला, पटर (होलजवळची स्टिक) बदलून झाला, आता कोच बदलायचं डोक्यात.

"का रे?"

"रेंजवर, सराव करतो तिथं, शेजारचा मारत होता ना, बॉल कुठं जात होता माहितीये? मला इथं टिकलंच पाहिजे मॅडम."

तो 'च' मी वहीत लिहून ठेवला. माझा सगळा भर असतो तो ह्या 'च'वरच. टिकायचंय म्हणणारा माणूस मेहनत करतो, टिकलंच पाहिजे म्हणणाऱ्याला प्रत्येक शॉट कोर्टाच्या निकालासारखा वाटतो.

पण हे नुसतं सांगून पटत नाही. दोन-तीन सेशन त्याच त्याच बोलण्यात गेले, मग मी त्याला यार्डेज बुक, म्हणजे प्रत्येक होलचा नकाशा आणि अंतरं असलेली खेळाडूची वही, घेऊन यायला सांगितलं, गेल्या वर्षीचं एक आणि आत्ताचं एक. दोन्ही टेबलावर उघडून ठेवली. जुन्यात पेन्सिलच्या खुणा, कोपऱ्याला वाळलेला चिखल, आणि प्रत्येक होलवर एक छोटा बाण.

"हे बाण कसले?"

"बॉल चुकला तर कुठं चुकलेला चालेल ते. इथं डावीकडे पाणी आहे, म्हणून उजवीकडे."

"आणि ह्या नव्या बुकात?"

त्याने पानं उलटली. सगळीकडे झेंड्यापर्यंतचं अंतर, कट किती खाली जाईल त्याचे अंदाज, बाण एकही नाही. तो बराच वेळ गप्प होता. मी अजिबात मधे बोलले नाही, हे मला जमायला बरीच वर्षं लागली आणि त्या दिवशी जमलं याचा मला अजून आनंद आहे. मग तोच म्हणाला, "चुकायला जागाच ठेवली नाहीये मी."

बस, इथून पुढचं काम सोपं होतं. आणि मलाही तेव्हाच नीट उमगलं की वर गेलेल्या मुलांचं कौशल्य कमी पडत नसतं, ती स्वतःची चुकायची मुभा काढून घेतात, मग ज्या खेळाने वर आणलं तोच टाकून शेजाऱ्याचा खेळायला जातात.

तुम्ही नुकते वर गेला असाल तर निदान पहिले काही महिने सामान, कोच, स्विंग काही बदलू नका. रेंजवर कडेची जागा घ्या. पॉइंट्सची यादी आठवड्यातून एकदाच बघा, तीही सोमवारी. आणि खाली परत जावं लागलं तर सगळं संपलं असं धरून बसू नका, अमेरिकन गोल्फर मॅक्स होमाने २०१६-१७ मध्ये पीजीए टूरच्या १७ स्पर्धांत फक्त २ वेळा कट पार केला होता, कार्ड गेलं, खालून परत आला आणि २०१९ मध्ये पीजीए टूरचीच वेल्स फार्गो चॅम्पियनशिप जिंकला.

आमच्या मुलाचा पुढचाही कट हुकला, एका शॉटने. रात्री त्याने बुकाचा फोटो पाठवला, अठराही होलवर बाण होते, चौदाव्यावर दोन.