स्कार्फच्या आतले मुरूम

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे. रोज स्कूटीने कॉलेजला जाते, उन्हासाठी चेहऱ्याला स्कार्फ बांधते. गाल-हनुवटीवर मुरूम आलेत. मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने आठवड्यात गेले, पण बंद करताच दुप्पट आले. काय करावं? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. ते लाली दाबतं, मुरूम बरे करत नाही आणि त्वचा पातळ करतं. महिनोन् महिने लावलं असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

नेहमीच्या मुरमांना डॉक्टर बहुधा अडापलीन ०.१ टक्के जेल लिहून देतात. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, वीसेक मिनिटं थांबा, मग वाटाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्यावर. नुसत्या फोडावर ठिपका देऊन उपयोग नाही. आतल्या आत बुजत चाललेली छिद्रं दिसत नाहीत, औषध त्यांच्यासाठीच असतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा. सुरुवातीला त्वचा सोलते, मुरूम वाढल्यासारखे वाटतात आणि नेमकी तेव्हाच ट्यूब कोपऱ्यात जाते. कृपा करून १२ आठवडे द्या. गरोदरपणात मात्र हे औषध नको.

स्कार्फ मऊ सुती हवा, रोज धुतलेला. घामट कापड हनुवटीवर घासलं की छिद्रं आणखी बुजतात. स्कार्फखाली एसपीएफ ३० चं जेल सनस्क्रीन हवंच. पाळी अनियमित असेल किंवा दुखऱ्या गाठी येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.