तो टँजंट गॅल्व्हॅनोमीटर भंगारात काढू नका

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तीन स्क्रूंच्या बैठकीवर उभं बसवलेलं एक गोल कडं सापडलं. मधोमध होकायंत्रासारखी डबी, टर्मिनलांपाशी २, ५०, ५०० असे आकडे. मुख्याध्यापक म्हणतात, निर्लेखनाच्या यादीत टाका. हे काय आहे? अजून चालेल का?
— एक विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, यादीतून ते आजच काढा! तो टँजंट गॅल्व्हॅनोमीटर आहे, म्हणजे विजेची धारा मोजायचं जुनं उपकरण. पुइये या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो १८३७ साली बनवला. आमच्या पिढीची प्रॅक्टिकलं त्याच्यावरच झाली. आकडे तारेच्या वेढ्यांचे.

अ‍ॅमीटरची पट्टी कारखान्यात आखून येते, मुलांनी ती निमूट मानायची. इथे पृथ्वीचं चुंबकत्व सूचीला एकीकडे ओढतं, कड्यातली धारा दुसरीकडे. सूची ज्या कोनात थांबते त्याच्या टँजंटवरून धारा निघते. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक साधारण ३८ मायक्रोटेस्ला. कड्याची त्रिज्या ८ सेंमी भरली, तर ५० वेढ्यांवर ४५ अंश म्हणजे सुमारे ९७ मिलिअँपिअर. मुलांना हे स्वतः फूटपट्टी घेऊन काढू द्या.

डबीतली आखूड सूची हाच चुंबक. तिला काटकोनात जोडलेला लांब काटा फक्त वाचनासाठी. आधी बैठक समतल करा. कडं सूचीच्या रेषेत आणा, मग नुसती डबी फिरवून काटा ०–० वर. रिओस्टॅट (धारा कमी-जास्त करणारा बदलता रोध) जोडल्याशिवाय धारा सोडू नका. डबीतल्या आरशातलं काट्याचं प्रतिबिंब काट्याखाली लपलं की दोन्ही टोकं वाचा, कम्युटेटरने धारा उलटवून पुन्हा वाचा, चारही वाचनांची सरासरी घ्या. कोन ३० ते ६० अंशांत असू द्या. ४५च्या आसपास चूक सर्वांत कमी.

लोखंडी टेबल मात्र अजिबात नको, मोबाइलही लांब. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या धारेने सूच्या हलणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय मोजमाप अलिबागला न्यावं लागलं. तिथली वेधशाळा १९०४ची. कुलाब्याला ट्रामची धास्ती, तुमच्याकडे स्टीलच्या कपाटाची.

सूची डुलून भलतीकडेच थांबत असेल तर चुंबकत्व गेलंय. जोरदार पट्टीचुंबक सूचीवरून एकाच दिशेने घासत नेऊन ते परत आणता येतं. अडखळत असेल तर सूची ज्या अणीवर टेकते तिथली धूळ बघा. पितळेला पॉलिश लावू नका, जुना लॅकर (वरचा पारदर्शक लेप) निघतो. कोरडं मऊ फडकं पुरे.

डेडस्टॉक रजिस्टरच्या (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीच्या) जुन्या पानांत खरेदीची नोंद असेल. साल आणि किंमत सापडली तर मला जरूर कळवा.