आधी लव्हाळा काढा, मग लॉन लावा

नर्सरीत मेक्सिकन लॉनची गुबगुबीत गादी बघून भुलू नका. ती छान दिसते, पण पसरायला वेळ घेते आणि खिसाही हलका करते. सोलापूरच्या उन्हात आणि काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर आपली हरळीच खरी. हो, तीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. बारीक पानाची ‘सिलेक्शन वन’ही हरळीच. फक्त झाडाखाली ती विरळ होते, तिथे हट्ट करू नका.

खरं काम लावण्याआधीचं. आपली काळी माती पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या सहा इंचांत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. मग पाणी देऊन पंधरा दिवस नुसती वाट बघा. लव्हाळा, म्हणजे जमिनीखाली गाठी असलेलं चिवट तण, उगवेल; तो गाठींसकट खणून काढा. असं दोनदा करा. मी एकदाच केलं होतं, अजून रविवारी खुरपं घेऊन बसतो!

जून-जुलैत मुळ्या असलेले तुकडे तीन-चार इंचांवर रोवा. सुरुवातीचे तीन आठवडे रोज हलकं पाणी, नंतर अंतराने पण भरपूर. पहिली कापणी कात्रीनेच, मशीनने कोवळी मुळं उपटतात. आणि एप्रिल-मेमध्ये गवत जरा उंचच राहू द्या.