विचित्र प्रोग्रॅमिंग भाषांचा ऑनलाइन इंटरप्रीटर मूळ भाषेशी इमानदार कसा ठेवायचा?

ऐरोलीत बसून ब्रेनफक, बेफंज असल्या गमतीखातर बनवलेल्या भाषा ब्राउझरमध्ये चालवायची हौस आहे म्हणता, तर आधी प्रमाण कोण ते ठरवा: भाषेचे लेखी नियम की मूळ इंटरप्रीटर, म्हणजे कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम? १९९८ च्या माल्बोल्ज या अशाच भाषेत दोघांचं पटत नाही. मी इंटरप्रीटरच्या बाजूचा, कारण लोकांनी आपले प्रोग्रॅम त्याच्यावरच चालवून पाहिलेले असतात.

खरी गोची बारीकसारीक गोष्टींत. ब्रेनफकमधला ,[.,] हा प्रोग्रॅम घ्या. आलेलं इनपुट जसंच्या तसं छापतो, बस. इनपुट संपल्यावर सेलमध्ये (मेमरीच्या चालू कप्प्यात) ० टाकलात तर थांबेल. सेलला हातच लावला नाहीत तर शेवटचं अक्षर छापतच बसेल, -१ टाकलात तरी थांबणार नाही. तिन्ही पद्धती प्रचारात आहेत, तेव्हा निवड वापरणाऱ्यावर सोडा.

बेफंज-९३ मध्ये शून्याने भागलं तर उत्तर काय हवं ते चक्क वापरणाऱ्यालाच विचारायचं असतं. तिथे शहाणपणा करून एरर दाखवू नका. प्रोग्रॅम मांडायची ८० बाय २५ अक्षरांची चौकटही वाढवू नका.

इंटरप्रीटर वेब वर्करमध्ये, म्हणजे पानापासून वेगळा मागे चालेल असा टाका, नाहीतर अनंत लूप लागला की ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर पान उघडलेल्याचा टॅब गोठलाच. आणि सापडलेल्या प्रत्येक बगची छोटी टेस्ट कोडसोबतच ठेवा.