बंध तुटताना ऊर्जा मिळते की लागते?

प्रश्न : इंधन जळताना त्याच्या रेणूंमधले बंध तुटतात आणि त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते, असं मी शाळेपासून ऐकत आलो. मुलीच्या पुस्तकात मात्र बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, असं छापलंय. खरं काय? आणि काही अभिक्रियांमध्ये भांडं गार पडतं, ते कशामुळे?

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. मी तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि हा समज जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटला. सुरुवातीला मीसुद्धा फळ्यावर ‘बंध तुटले, ऊर्जा सुटली’ असं लिहीत असे. एक दिवस पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘सर, बंध तुटून ऊर्जा मिळत असेल, तर ते इतके दिवस टिकतात कसे?’ त्या प्रश्नाने माझं शिकवणं बदललं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर नुसता हिशेब मांडला. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन (मोल म्हणजे रेणू मोजण्याचं ठरावीक माप, जसं डझन). हायड्रोजनचा बंध तोडायला मोलमागे 436 किलोज्यूल लागतात, म्हणजे दोन मोलचे 872. ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचे 498. एकूण खर्च 1370. आता जमा. पाण्याच्या दोन रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजन असे चार बंध जुळतात आणि प्रत्येक बंध जुळताना मोलमागे साधारण 463 किलोज्यूल सुटतात, म्हणजे 1852. खर्च वजा जाता 482 किलोज्यूल हाती उरले, आणि तेही जेमतेम 36 ग्रॅम वाफ तयार होताना! ज्योतीची धग ही नवे बंध जुळल्याची धग आहे.

म्हणूनच हे दोन वायू एकत्र भरून ठेवले तरी आपापले शांत राहतात. ठिणगी पडली की काही बंध तुटतात, नवे जुळतात, त्यातून सुटलेली उष्णता शेजारच्या रेणूंना पुरते आणि अभिक्रिया पेट घेते. ‘इंधनात ऊर्जा साठलेली असते’ हे वाक्यही मला अपुरं वाटतं. ऑक्सिजनचा बंध दुहेरी असूनही तुलनेने कच्चा असतो, तर कार्बन डायऑक्साइडमधला प्रत्येक दुहेरी बंध सुमारे 800 किलोज्यूलचा. ऊर्जेचं श्रेय इंधन आणि ऑक्सिजन या जोडीला द्यायला हवं.

आता गार पडणारं भांडं. खर्च जमेपेक्षा जास्त झाला की तूट आजूबाजूच्या उष्णतेतून भरून निघते. हीच उष्माग्राही अभिक्रिया. वर्गात मी ओल्या लाकडी फळीवर चंचुपात्र ठेवून त्यात बेरियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक आणि अमोनियम क्लोराइड ढवळत असे. दोन्ही कोरडे घन, पण बघता बघता लगदा होतो, अमोनियाचा वास नाकात जातो आणि तापमान उणे 20 अंशांच्या आसपास उतरतं. मग पात्र उचललं की खालची फळीही उचलली जाते, कारण मधलं पाणी गोठलेलं असतं!

उष्णता खेचून घेणारी अभिक्रिया आपोआप घडते तरी का? इथे एका बेरियम हायड्रॉक्साइडमागे दोन अमोनियम क्लोराइड लागतात आणि त्यांतून अमोनियाचे दोन व, स्फटिकात आधीच अडकलेलं पाणी धरून, पाण्याचे दहा रेणू मोकळे होतात. घनात जखडलेले कण असे विखुरतात, म्हणजे एन्ट्रॉपी वाढते, आणि ही वाढ उष्णतेच्या तुटीवर मात करते.

बेरियमची संयुगं विषारी असतात, त्यामुळे हा प्रयोग घरी करू नका. मुलीला पाण्यात सायट्रिक आम्ल विरघळवून त्यात खाण्याचा सोडा टाकायला सांगा. वायूचे बुडबुडे उसळत असतानाच थर्मामीटर खाली सरकताना दिसेल.