चिंधी, दोरी आणि पिकोची मशीन

दोरीला चिंध्या गुंडाळून, फेऱ्या एकमेकींना शिवून केलेल्या शोभेच्या टोपल्यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक.

घरी पायमशीन आहे. तिच्यावर शिवून पाहिलं, तर फेऱ्या सुट्या होतात. काय चुकतं?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

तुमचं काही चुकत नाही. साध्या पायमशीनची टीप सरळ पडते, ती एकाच दोरीवर चालते आणि शेजारच्या फेरीला धरतच नाही. इथे झिगझॅग लागते, म्हणजे सुई एकदा डावीकडच्या दोरीत आणि एकदा उजवीकडच्या दोरीत उतरली पाहिजे. त्यासाठी नवी मशीन घेऊ नका. साड्यांना पिको-फॉल करून देणाऱ्यांकडे झिगझॅगची मशीन असते. पिकोचा फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) काढून झिगझॅगचा साधा फूट लावा, टाक्याची रुंदी ५ मिमी आणि लांबी २ ते २.५ मिमी ठेवा. सुई १६ नंबरची घ्या. बारीक सुई दोरीत वाकते आणि टाके सोडते. बॉबिन भरूनच बसा, एका टोपलीला दोरा फार लागतो.

पिकोची मशीन मिळत नसेल तर चिंधीच दाभणात ओवा. दोरीभोवती तीन वेढे द्या, चौथा वेढा खालच्या फेरीलाही कवेत घेऊन आवळा. वेळ लागतो, पण ही टोपली मशीनच्या टोपलीपेक्षा घट्ट होते.

दोरी कोणती, किती? चिंध्या कशा फाडायच्या?
— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

सुती दोरी, ६ मिमी जाडीची. नायलॉनची नको, ती फुटाखाली घसरते आणि तापलेल्या सुईने वितळते. अंबाडीचा दोर हाताने शिवायला चालेल, मशीनला मात्र त्याची कूस, म्हणजे सुटणारे टोचरे तंतू, त्रास देते.

बूड १२ सेंमी, तोंड २० सेंमी आणि उंची ७ सेंमी अशा टोपलीला साडेसात मीटरच्या आसपास दोरी लागते, ८ मीटर घ्या. त्यातली पावणेदोन मीटर बुडातच जाते. चिंध्या अडीच सेंमी रुंद आणि दोरीच्या सव्वा ते दीडपट लांब. जुनं सुती लुगडं किंवा शिंप्याकडची सुती कातरण उत्तम. सिंथेटिक साडीची चिंधी सैल पडते. तिरपी गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर चढवा. सगळी दोरी आधीच गुंडाळून ठेवू नका, हातभर गुंडाळून शिवत चला, म्हणजे रंग मनासारखे बदलता येतात.

दोरी आणि कापड आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा. दोरी आखडते, ती शिवल्यावर आखडली तर टोपली वाकडी होते. गडद रंग जात असेल तर ते कापड बाजूला काढा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होईल, या भरवशावर राहू नका.

बूड सपाट येत नाही. कधी वाटीसारखं उचलतं, कधी झालरीसारखं लाटा मारतं. कडा कशा उभ्या करायच्या तेही सांगा.
— एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

दोन्ही दोष दोरीच्या ताणाचे. ओढून दिली की बूड वर उचलतं, ढकलून दिली की लाटा येतात. दोरी नुसती शेजारी टेकवायची, मशीन तिला आपली आपण घेते. थोडी लाट असेल तर ओलं फडकं ठेवून कडक इस्त्री फिरवा. जास्त असेल तर उसवा, इस्त्रीने झाकत नाही.

सुरुवात अशी: दोरीचं टोक २ सेंमी दुमडून चिंधीत बंद करा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीन फेरे घट्ट गुंडाळा, टाचण्या लावा आणि मधोमध उभी-आडवी फुलीची टीप मारा. मध्ये भोक राहिलं तर ती चुंबळ झाली, टोपली नव्हे. मग चकती सुईच्या डावीकडे आणि येणारी दोरी उजवीकडे. उलटी गुंडाळली गेली असेल तर चकती फक्त पालथी करा. झिगझॅगचा मध्य दोन दोऱ्यांमधल्या खाचेवर राहू द्या. टाचणी सुईपाशी येण्याआधी काढा. चकती हाताने ओढू नका, सुया बहुतेक त्यानेच मोडतात.

बूड १२ सेंमी झालं की सुई दोरीत रोवलेली ठेवून डाव्या हाताने बूड वर उचला, मशीनच्या डोक्याच्या डाव्या बाजूला टेकेल इतकं. थोडं उचललं तर पसरट ताट, पूर्ण टेकवलं तर उभी कड. एकदा धरलेला कोन सोडू नका. मध्येच हात खाली आला की तिथे पोट निघतं.

शेवटचं टोक तिरपं कापा, चिंधी त्याच्यावरून तीनेक सेंमी पुढे गुंडाळून बाहेरच्या अंगाला दाबा आणि टीप दोनदा मागेपुढे न्या.

यात पोळ्या ठेवता येतील का?
— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)

खाली धुतलेलं फडकं घालून ठेवा. वाफ दोरीत मुरते, म्हणून जेवणं झाली की टोपली रिकामी करून उन्हात घाला. रंग जाणारं कापड वापरलं असेल तर ती शोभेपुरतीच.