तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : वळवाच्या दिवसांत उघड्यावरचा कार्यक्रम

प्रश्न : मे महिन्यात मुलीचं लग्न हाय, लॉन बुक केलाय, मुहूर्त सायंकाळी ६ चा. तीन आठवडे बाकी हायत आणि मोबाईलवरचं एक ॲप त्या दिवशी ४० टक्के पाऊस दाखवतंय, दुसरं म्हणतंय कडक ऊन. कुणाचं खरं धरायचं?
– एक वधूपिता, कळंबा (कोल्हापूर)

उत्तर : काका, आत्ता दोन्ही ॲप बंद करा. वळवाचा तीन आठवडे आधी दिवस सांगणारं कोणी नाही, ते आकडे बघून नुसता बीपी वाढतो. वळीव होतो कसा, तर सकाळपासून जमीन तापते, समुद्राकडनं आलेला दमटपणा त्यात मिसळतो, दुपारी ढग उभे चढत जातात आणि साधारण तीन ते आठच्या दरम्यान कोसळतात, म्हणजे बरोबर तुमच्या अक्षतांच्या टायमाला. ढगाचा पसारा पण थोडकाच असतो, राजारामपुरीत गटारं भरून वाहतात आणि कळंब्यात नुसती धूळ उडते.

चार-पाच दिवस राहिले की हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघायला लागा. त्यात "तुरळक ठिकाणी" लिहिलं असेल तर अंदाजाच्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी पाऊस, असा त्यांचा हिशोब असतो. आता गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत बारा तालुक्यांत ते पाव कुठलं, हे त्यांनाही आधी कळत नाही, मग तुमच्या लॉनचं कोण सांगणार? यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. लग्नादिवशी दुपारनंतर मात्र खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा येतो तो बघत राहायचा, एखाद्या हुशार भाच्याला तेवढंच काम लावा.

आणि खरी भीती पावसाची नाहीच, वाऱ्याची. इशाऱ्यात "ताशी ४० ते ५० किमी वारे" दिसलं की मंडपवाल्याला बाजूचे पडदे काढून ठेवायला सांगा, कारण पडद्यात वारा भरला की अख्खा सांगाडा ओढला जातो, एलईडी स्क्रीनचं तर विचारूच नका. माझं मत विचाराल तर भटजींना गाठून सकाळचा मुहूर्त काढा, वळीव सकाळी क्वचितच येतो. ऊन लागेल, पण मठ्ठा आहे की!

प्रश्न : आमच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान दुपारी ४ ला सुरू होतंय. विजा चमकल्या तरी पब्लिक उठत नाही. कधी उठवायचं?
– यात्रा कमिटीतला एक जण, कागल तालुका

उत्तर : वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, त्याला तीननं भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आली, कुस्ती कितीही रंगात असू दे, माईकवरनं थांबवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या. लोकांना झाडाखाली किंवा शामियान्यात पाठवू नका, शाळेची पक्की इमारत किंवा बंद गाडी बरी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं "दामिनी" ॲप कमिटीतल्या दोघा-तिघांच्या फोनवर असू दे, आसपास वीज पडायला लागली की ते सांगतं. (जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगरावर उंच सासनकाठ्या नाचवणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं.)

प्रश्न : ३८ डिग्रीला जीव नकोसा होतोय, तरी उष्णतेच्या लाटेचा इशारा का नसतो?
– एक आजी, शिवाजी पेठ

उत्तर : आजी, आपल्यासारख्या सपाटीच्या भागात पारा निदान ४० ला पोचला आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्री तरी जास्त असला की त्याला लाट म्हणतात, आणि कोल्हापूर ४० च्या अलीकडंच घुटमळतं. शिवाय ते ३८ सावलीतल्या, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं, मैदानात उन्हात बसलेल्याला त्याहून जास्तच भाजतं. तेव्हा इशारा नसला तरी दुपारी १२ ते ३ कार्यक्रमाला जाऊ नका, जावंच लागलं तर छत्री घ्या आणि नातवाला पाण्याची बाटली धरायला सांगा.